मेजरची पाठ

आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात. तो तिकडे बंदूक चालवत होता की भटारखान्यात कणीक मळत होता, याची चौकशी करायची रीत नाही. भानुदासही तसेच मेजर झाले. हुद्दा लान्स नाईकचा, वय तिशीच्या आतलं. कर्जत तालुक्यातल्या त्या गावात मी शाळेवर नवी लागले होते आणि ज्या तात्यांच्या घरी भाड्यानं राहत होते, त्यांचे हे थोरले चिरंजीव. अंगणाच्या एका अंगाला माझी खोली, दुसऱ्या अंगाला त्यांचं बिऱ्हाड. त्यात तात्या, मेजर, मेजरांच्या मंडळी इंदूबाई आणि तीन वर्षांचा बाळू.

मेजरांची ओळख म्हणजे त्यांचं उभं राहणं. चहा उभ्यानं प्यायचे. चावडीवर सगळे सतरंजीवर मांड्या ठोकून बसलेले असत आणि हे खांबाशी हात मागे बांधून उभे. कोणी म्हटलं, "मेजर, टेका की जरा," तर म्हणायचे, "सवय न्हाई ऱ्हायली." लग्नाच्या पंगतीत बसायचे नाहीत. "पाहुण्यांची उरकून घ्या," म्हणत मांडवाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि उपाशी घरी यायचे. गावाला त्यात रुबाब दिसायचा. मी तरी काय वेगळी होते? वर्गात कोणी पोक काढून उभा राहिला की सांगायची, मेजरांकडे बघा, माणसानं असं असावं.

स्वभाव मात्र रुबाबाचा अजिबात नव्हता. अंगणात एक लूत लागलेलं कुत्रं पडलेलं असायचं. त्याचं नाव मेजरांनी सुभेदार ठेवलं होतं आणि येता-जाता त्याला सलाम ठोकायचे. "हुद्द्यानं वरचा हाय माझ्यापरीस," म्हणायचे. दाढी रोज. पाण्याची टंचाई सुरू झाल्यावरही वाटीभर पाण्यात उरकायचे, पण रोज. घोंगडीची घडी अशी घालून घ्यायचे की तिच्या कडा पट्टीनं आखल्यासारख्या दिसाव्यात. आणि कशाबद्दलही विचारा, उत्तर ठरलेलं: "कायबी तकलीफ न्हाई." बैल लंगडला, पाऊस पळाला, तात्या दिवसभर शिव्या घालत बसले, तरी कायबी तकलीफ न्हाई. मला या माणसाचा हेवा वाटायचा.

एकदा सकाळी मी विरजण मागायला त्यांच्या घरात शिरले. मेजर दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि इंदूबाई खाली बसून त्यांच्या पायात बूट चढवत होत्या. एक पाय हातानं उचलायचा, बुटात घालायचा, नाडी बांधायची, मग दुसरा. लहान मुलाला शाळेत पाठवताना आई करते तसं. मेजरांची नजर माझ्यावर गेली आणि चेहरा काळाठिक्कर पडला. "बाई, आवाज देऊन येत जावा," ते म्हणाले. इतकं कडक ते माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. विरजण न घेताच मी परत फिरले.

संध्याकाळी इंदूबाई विरजणाची वाटी घेऊन आल्या. बाई बोलायला कमी, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, सासऱ्यासमोर तर आवाजही नाही. पण त्या दिवशी बोलल्या. "त्येंना वाकता येत न्हाई, बाई. मनका दबलाय. खाली बसलं तर उठवायला मानूस लागतं. म्हनून उभं ऱ्हात्यात."

गावाला जो रुबाब वाटत होता, तो असा होता.

झालं होतं ते असं. एकाहत्तरच्या लढाईत, पूर्वेकडच्या सरहद्दीवर, ट्रकमधून दारूगोळ्याच्या पेट्या उतरवताना ट्रक चिखलात कलंडला आणि एक पेटी त्यांच्या कमरेवर आली. गोळी नाही की शत्रू नाही. कित्येक महिने इस्पितळात पालथे पडून काढले आणि मग घरी आले. आता लढाईत पाठीला लागलं, हे वाक्य आमच्या भागात चारचौघांत उच्चारण्याजोगं नाही. पाठीला कधी लागतं? पळताना. तात्यांनी मुलाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कुनी इचारलं तर छातीला लागलं म्हन. पाठीचं नाव काढू नगंस." मेजरांनी छातीचं खोटं कधी सांगितलं नाही, पण पाठीचं खरंही सांगितलं नाही. नुसते ताठ उभे राहिले.

पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांचा सत्कार झाला. सरपंचांनी भाषणात, शत्रूची गोळी छातीवर झेलणारा आपला वाघ, असं सांगून टाकलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मेजरांकडे बघत होते. ते वरच्या झेंड्याकडे बघत उभे राहिले. मग हार झाला, आणि त्यांना लहानपणी शिकवलेले म्हातारे गुरुजी आशीर्वाद द्यायला पुढे आले. गुरुजींनी हात उचलला. आता मेजरांनी पाया पडायचं. मेजरांनी टाचा जुळवल्या आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. गुरुजींचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी तो हळूच धोतराला पुसला.

महिनाभर गावाला तेवढाच विषय पुरला. फौजेत गेलं की माणूस वाकायचं विसरतो म्हणे. गुरुजींनी तर मेजरांना ओळख देणंच सोडलं. मी इंदूबाईंना म्हटलं, खरं काय ते सांगून का टाकत नाही? त्या म्हणाल्या, "उद्धट म्हनलेलं चालतंय त्येंना. पांगळा म्हनलेलं न्हाई."

फौज दुखण्याचंही माप काढते, ते टक्क्यांत. मेजरांच्या पाठीला तीस टक्के दिले होते, आणि तेही तात्पुरते. काही काळानं पुन्हा डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं राहायचं, बोर्ड बघणार आणि टक्के कायम करणार, वाढवणार किंवा उतरवणार. विसाच्या खाली गेले की पेन्शन बंद. हे टक्के, आणि त्यांच्याबरोबर पाठीचं दुखणंही, गावात कसं फुटलं कोण जाणे, पण फुटलं. पारावर कोणीतरी म्हणायचं, "मेजर, राहिलेलं सत्तर टक्के तरी कामाला लावा." सगळे हसायचे. मेजर सगळ्यांच्या आधी हसायचे, म्हणजे मग दुसऱ्यांच्या हसण्याला तेवढी धार राहत नाही.

बोर्डाचं बोलावणं आलं, मेजर एकटेच नगरला गेले. परत आले ते थेट माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. घरात काय सांगावं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून आधी मला सांगून बघत असावेत.

"काय झालं?"

"झालं की. तीन साहेब हुते. साहेब म्हनले, झुको. झुकलो."

"किती?"

"साहेब बस म्हनंस्तवर."

"दुखलं नाही?"

"दुखलं की. डोळ्यांम्होरं काजवं चमाकलं."

"मग सांगितलंत ना?"

"त्येंनी इचारलं हुतं, बाई. कोई तकलीफ? म्या म्हनलं, नहीं साब."

मला आधी राग आला, तो मी बोलूनही दाखवला. त्यांनी तो मुकाट ऐकून घेतला आणि मग मला समजावलं. फौजेत साहेब रांगेपुढून चालत जातो आणि विचारतो, कोई तकलीफ? रांगेतल्या प्रत्येकाचं उत्तर एकच असतं. पायात काटा मोडलेला असो, घरी आई गेलेली असो, उत्तर एकच. "त्याला दुसरं उत्तर असतंया, ह्ये आमाला कुनी शिकिवलंच न्हाई," मेजर म्हणाले. आणि साहेबांनी वाक म्हटल्यावर दुखतंय म्हणून अर्ध्यात थांबायचं, हे तर त्यांच्या कल्पनेतही बसत नव्हतं. हुकूम अर्धा पाळायचा नसतो.

टक्के विसाच्या खाली आले. गावानं त्याचा सरळ अर्थ लावला की मेजर बरा झाला. आणि तात्यांनी काय करावं? मारुतीला नारळ फोडला. पोराची पाठ बरी झाली म्हणून खोबरं वाटलं, त्यातलं मलाही दिलं. मेजर देवळाबाहेर उभे होते. येणारा जाणारा म्हणत होता, "बरं झालं मेजर, सुटला एकदाचं." मेजर मान हलवत होते. त्या खोबऱ्याचा तुकडा मला काही गिळवेना.

तोवर बाहत्तरचा दुष्काळ पुरता अंगावर आला आणि अख्खा तालुका खडी फोडायला रस्त्यावर उतरला. पेन्शन गेलेली, विहीर आटलेली, इंदूबाईही हातोडी घेऊन निघाल्या. बाळू तिथेच गोणपाटाखाली बसायचा. मेजरही रोज जायचे. मुकादम जाणता होता. त्यानं सांगितलं, मेजर, तुम्ही झाडाखाली उभं राहून हजेरीच्या शिट्ट्या मारा. मेजर नाही म्हणाले. "ती उन्हात वाकून अन् म्या सावलीत उभा, ह्ये बघाय लोकं येतील." मग ते उन्हात उभे राहायला लागले. काम न करता, नुसते, बायकोच्या शेजारी. मला विचाराल तर हा शुद्ध वेडेपणा होता. पण एकट्यानं सावली घ्यायची त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपुढे शहाणपण चालत नाही.

एके दिवशी खडी वाहणारी एक बाई त्यांना म्हणाली, "पाठ बरी झाली न्हवं आता? मग उचला की पाटी." ती काही दुष्ट नव्हती, उन्हानं तिचंही डोकं फिरलं होतं. मेजरांनी पाटी उचलली. रिकामी नाही, भरलेली. लोकांनी वाहवा केली. दुसरीही उचलली. तिसऱ्या पाटीला ते खडीच्या ढिगावर पालथे पडले आणि उठेनात. हात लावला की तोंडातून आवाज यायचा, म्हणून हात लावायलाही कोणी धजेना. शेवटी फळीवर घेतलं आणि बैलगाडीतून घरी आणलं. मी शाळेतून धावत आले, तर गाडीत पालथे पडलेले मेजर मला म्हणतात, "कायबी तकलीफ न्हाई, बाई. पाय घसारला जरा."

तेव्हा इंदूबाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या, सासऱ्यासमोर. "आता पुन्यांदा बोर्डाला जायाचं. अन् खरं सांगायचं."

अर्ज मी लिहिला. पुन्हा बोलावणं येईपर्यंत मेजर भिंत धरून चालायला लागले होते. खरा प्रश्न अर्जाचा नव्हताच. हा माणूस साहेबापुढे खरं बोलेल का, हा प्रश्न होता. बोलला नाही, तर बोर्ड पुन्हा बरा म्हणणार, आणि मग जन्मभर त्याला कोणी दुखणाईत मानणार नाही. पाट्या उचलायला लावून लावून गाव त्याला मारणार. म्हणून इंदूबाईंनी तालीम घ्यायची टूम काढली. एका सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गात मी खुर्चीवर साहेब होऊन बसले. मेजर दारातून आत आले. मी आवाज काढून विचारलं, "कोई तकलीफ?"

टाचा जुळल्या. "नहीं साब!"

इंदूबाईंना हसू फुटलं. मलाही. मेजरसुद्धा ओशाळे होऊन हसले. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले, पुन्हा तेच. मी म्हटलं, मेजर, साधं आहे, हां साब, है, एवढंच म्हणायचं. त्यांनी ओठ हलवून बघितले. "हां साब" इथपर्यंत गाडी यायची आणि पुढे अडकायची. कपाळाला घाम सुटला. शेवटी म्हणाले, "बाई, भीक मागितल्यागत वाटतंय ओ." हसणाऱ्या इंदूबाई तेव्हा तोंडाला पदर लावून रडत होत्या, आणि मी खुर्चीवरून उठले.

बोर्डाला आम्ही तिघं गेलो. माझा भाऊ नगरच्या छावणीला लागून भिंगारला राहायचा, त्यामुळे मलाही निमित्त होतं, आणि इंदूबाईंना हिंदीचा गंध नव्हता. भिंगारच्या बाजारातून टांगा केला. मेजर टांग्यात बसले नाहीत, मागे दांडा धरून पायरीवर उभे राहिले. इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही दोघी बसलो. दाराला हिरवा पडदा होता. मेजर आत गेले. टाचांचा आवाज आला. नाव, नंबर झालं. मग कोणीतरी शांत आवाजात विचारलं, "कोई तकलीफ?"

आतून काही ऐकू येईना. इंदूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. इतका वेळ गेला की मला वाटलं, जमलं.

"नहीं साब."

इंदूबाई उठल्या. मी काही म्हणायच्या आत पडदा बाजूला सारून त्या आत शिरल्या. दारावरचा शिपाई ओरडला. त्यांना बाहेर आणायला म्हणून मी मागोमाग गेले आणि आत अडकले. टेबलामागे तीन अधिकारी होते. मधले चष्मेवाले डॉक्टर वयस्कर, दक्षिणेकडचे असावेत. मेजर चड्डीवर उभे होते, सावधानमध्ये. बायकोला बघून त्यांच्या मानेवर शीर उठली.

इंदूबाईंचा पदर आता कपाळावर नव्हता. त्या म्हणाल्या, "साहेब, हे खोटं बोलत्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "क्या बोलती है?"

मी हिंदीत सांगितलं.

"इंदे, भाईर हो," मेजर म्हणाले.

"तुम चुप रहो," डॉक्टर म्हणाले. तो हुकूम होता. मेजर गप्प झाले आणि शेवटपर्यंत गप्पच राहिले.

मग इंदूबाई बोलत गेल्या आणि मी सांगत गेले. ह्यांच्या पायात वहाणा मी घालते. ताट रांजणाच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानं जेवतात, भिंतीकडे तोंड करून. पोरगं घे म्हणून हात वर करतं, तर त्याला म्हणतात, मर्दानं चालावं. ओढ्याला परसाकडं जातात तेव्हा मला धरून बसवावं लागतं. हे सांगताना माझी जीभ अडखळली. शब्द माहीत नव्हता म्हणून नाही, मेजर समोर होते म्हणून. डॉक्टर म्हणाले, "बोलिए," आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोलले. त्या माणसाला आपली लाज एकदा मराठीत ऐकावी लागत होती आणि एकदा माझ्या मोडक्या हिंदीत. कान लाल झाले होते, पण टाचा जुळलेल्या होत्या, नजर समोर.

शेवटी इंदूबाई म्हणाल्या, "अन् साहेब, झोपेत रोज रडत्यात. कूस बदलली की वरडत्यात. उठल्यावर त्येंना ठावं नसतंय."

मी ते सांगितलं. सांगून झालं तेव्हा मेजरांची मान वळलेली होती. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. ते बायकोकडे बघत होते.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर पाठवलं. पडदा सरकायच्या आधी मी बघितलं, त्यांनी मेजरांना टेबलावर आडवं केलं होतं आणि एक पाय हलक्या हातानं वर उचलत होते. या वेळी ते काही विचारत नव्हते. फक्त चेहऱ्याकडे बघत होते.

टक्के पन्नास झाले, पहिल्यापेक्षा जास्त. ते मला पुढे शेवगावच्या बाजूला बदली झाल्यावर कळलं. गावानं त्याचीही चव घेतली होतीच. मेजरला बायकोनं टक्के आणून दिले म्हणे. तात्यांनी सुनेच्या हातचं पाणी कित्येक दिवस घेतलं नाही. घरातली गोष्ट घरात राहिली नाही, हे त्यांचं दुःख. हे सगळं मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं.

मी स्वतः त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच बोर्डाच्या दिवशी, नगरच्या स्टँडवर; सुट्टी भावाकडे काढून गावात परतायच्या आधीच मला बदलीचा हुकूम आला. मी भावाकडे राहणार होते, ते दोघं कर्जतच्या गाडीत बसले. गाडीत उभं राहायला जागा नव्हती म्हणून की काय, मेजर बसले होते, खिडकीशी. मी खाली खिडकीपाशी उभी होते, काहीतरी बोलायचं म्हणून बाळूसाठी घेतलेल्या रेवड्या आत दिल्या. त्यांनी त्या घेतल्या, आणि समोरच्या सीटकडे बघत, माझ्याशी नाही, इंदूबाईंशी बोलले.

"रोज?"

"काय?"

"झोपेत."

"रोज," इंदूबाई म्हणाल्या.

"मग मला कधी बोलली न्हाईस त्ये."

इंदूबाईंनी पदर पुन्हा कपाळापर्यंत ओढला होता. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. "तुमास्नी लाज वाटली असती," त्या म्हणाल्या.

कंडक्टरनं घंटी दिली. मेजरांनी मान खाली घातली, आणि गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती वर आली नाही.